उंचावरची कडी

"हे तुम्हाला खोटं वाटणार," आजोबांनी आधीच बजावून टाकलं. "आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याला वाटलं. पण सगळं या दोन डोळ्यांदेखत घडलंय, आणि त्यातल्या एकाचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालं होतं. म्हणजे तो अगदी कोरा करकरीत!"

शेजारच्या निवृत्त कंडक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी ही गोष्ट पूर्वी ऐकली होती, पण दर वेळी ती नव्या स्टॉपवर थांबायची, म्हणून ते पुन्हा चढायचे. आजोबांची नात भिंगरी जमिनीवर पालथी पडून पाय हलवत होती. गोष्ट तिचीच होती, पण आजोबा ती एरवी भिंगरी शाळेत गेल्यावरच सांगत. आज शाळेला सुट्टी आहे, हे रंगात आलेल्या आजोबांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आजोबांची हयात शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेली. ते निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. घरातला मिक्सर त्यांनी 'नुसता बघायला' उघडला, तेव्हापासून तो सुरू केला की ओट्यावरून चालत फ्रिजपर्यंत जायचा. शेवटी सूनबाईने त्यांचा स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि कपाटावरच्या डब्यात टाकला.

सूनबाई घरातच, पुढच्या खोलीत बालवर्ग चालवायची. तिचा नियम एकच. मुलाने प्रश्न विचारला की त्याच्या तोंडावर उत्तर फेकायचं नाही. 'तुला काय वाटतं?' असं विचारायचं आणि त्याच्याबरोबर बसून शोधायचं. कुतूहलाला 'नको' म्हणायचं नाही. आजोबांना या नियमात एक बारीकशी फट दिसली होती. डबा त्यांच्यासाठी खाली येणार नव्हता, पण पोरीच्या कुतूहलासाठी?

गेल्या वर्षी तपासणीच्या बाई यायच्या होत्या, त्या दिवशी सूनबाईची सकाळपासून तारांबळ उडाली होती. घरातल्या होत्या नव्हत्या त्या खुर्च्या तिने पुढे नेल्या.

"बाबा, तेवढं भिंगरीला मागे सांभाळा. बाईंनी मान्यता दिली तर वर्ग चालणार, नाहीतर उद्यापासून कुलूप. आज तिचे प्रश्न अजिबात नकोत."

"कुतूहलाला नको म्हणायचं नाही ना?"

"बाबा!"

आजोबा मुकाट मागच्या खोलीत गेले. भिंगरी आधीच मान वर करून उभी होती.

"आजोबा, त्या डब्यात काय आहे?"

प्रश्न आयताच आला. आजोबा स्टुलावर चढले. डबा खाली आला, पण स्टूल डुगडुगलं.

"हे का हलतं?"

"तुला काय वाटतं?"

"पायांना विचारू या."

पायांना विचारायचं तर ते काढायला हवेत. स्टूल जमिनीवर आडवं झालं, पाय बाजूला रांगेत पडले. एवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं! पण भिंगरीची नजर बाथरूमच्या दाराकडे गेली. दाराला आतून एकच कडी होती, पार वरती. बालवर्गातलं एक पोर मागे आत कोंडून बसलं होतं, तेव्हा सूनबाईनेच ती उंच बसवून घेतली होती.

"मी नको नको म्हणतोय," आजोबा कंडक्टरांना सांगत होते, "तर या कार्टीने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर हिसकावला आणि कडी खोलली की हो! सगळे तुकडे जमिनीवर!"

"मी?" भिंगरीचे पाय हलायचे थांबले.

"तू नाहीतर कोण? तू लहान होतीस, तुला कसं आठवेल? तर काय झालं..."

तर झालं असं, की तेवढ्यात पुढे चपला वाजल्या. कडी घाईघाईने जागेवर गेली, पण तिच्या मुठीचा स्क्रू काही केल्या घट्ट बसेना. बाई लांबून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी पहिली चौकशी केली ती बाथरूमची. त्या आत गेल्या. कडी सरकल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने नुसतीच खडखड.

"अहो, ही मूठ माझ्या हातात आलीय!"

सूनबाई दाराकडे धावली. तिची वर्षानुवर्षांची मेहनत त्या दाराआड अडकली होती. बालवर्गातली पोरं खेळ टाकून धावली आणि दाराला नाक लावून उभी राहिली.

"आत अंधार आहे का?"

"तुम्हाला भीती वाटते का?"

"तुम्ही रडणार का?"

"कुणीतरी सांगा, मी आता काय करू?" बाई ओरडल्या.

सूनबाई तोंड उघडणार, तोच दाराच्या फटीशी आडवी पडलेली भिंगरी म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुमची मान्यता आत्ताच्या आत्ता रद्द करावी!"

सूनबाईने कपाळाला हात लावला. आजोबांनी हळूच फटीतून स्क्रू ड्रायव्हर आत सरकवला. आतून चडफड ऐकू आली, मग खुडबुड, मग चक्क हसू.

"अगं बाई, हा तर फिरतोय!"

"आणि मग?" कंडक्टर खुर्चीच्या कडेवर आले होते.

"मग काय! बाई कडी काढून थांबल्या असतील असं वाटतं तुम्हाला? नळाची चावी काढली, आरसा काढला, बिजागऱ्या काढल्या, आणि दार असं काखेत मारून बाहेर आल्या! 'लहानपणी मला घरात कुणी कशाला हात लावू दिला नाही हो,' म्हणाल्या. डोळ्यांत पाणी! मान्यता तिथल्या तिथे. जाताना स्क्रू ड्रायव्हरच मागत होत्या. पण सूनबाई म्हणाली, तो पोरीच्या हाती लागायला नको, जाणत्या माणसाच्या खिशातच बरा. तेव्हापासून तो माझ्याकडे." आजोबांनी सदऱ्याचा खिसा प्रेमाने थोपटला.

"दार काखेत?" कंडक्टर म्हणाले. "मागच्या खेपेला डोक्यावर होतं."

"आधी डोक्यावर, मग काखेत! जड असतं ना!"

 भिंगरी मात्र उठली आणि बाथरूममध्ये गेली. टाचा उंचावल्या, हात ताणला, उडी मारून पाहिली. कडी होती तिथेच होती, वरती, आरामात. सूनबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, ही कडी एवढी उंच का गं?"

"तुला काय वाटतं?" सूनबाई सवयीने बोलून गेली.

आजोबा चष्मा पुसू लागले. कंडक्टरांना छतात एकदम काहीतरी पाहण्यासारखं सापडलं.

"लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून. माझा तर अजून पोचत नाही." भिंगरीने थोडा विचार केला. "आणि स्टुलाला तेव्हा पाय नव्हते. आणि खुर्च्या सगळ्या पुढे होत्या."

सूनबाईने हात पदराला पुसला आणि आजोबांच्या खिशासमोर पसरला.

"अगं, थांब की," आजोबा म्हणाले, "अजून गोष्ट संपलेली नाही. भिंगरी चढली होती ती माझ्या खांद्या..."

"खोटं!" भिंगरी आनंदाने ओरडली. "आजोबा, साफ खोटं!"