जिन्यातलं स्वयंपाकघर

सेक्रेटरींनी इमारतीच्या जिन्यासाठी निवडलेल्या रंगाला राखाडी म्हणणं हा राखेचा अपमान होता. त्यावर डाग दिसत नाहीत, एवढाच त्याचा गुण. तळातला जिना रंगवायचा होता त्याच दिवशी त्यांच्या घरातलं स्वयंपाकघरही रंगायचं होतं. तिथला पिवळा बायकोने रंगाऱ्याच्या शेजारी उभं राहून कालवून घेतला होता. "अजून थेंबभर. आता किंचित पांढरा. बस, हाच." लग्नापासून तिला असं पिवळं स्वयंपाकघर हवं होतं. ती खुशीत बहिणीकडे गेली.

रंगाऱ्याला दुसरीकडे काम होतं. त्याच्या जागी रंगवायला येणाऱ्या मेव्हण्याला कळावं म्हणून त्याने एका झाकणावर 'जिना' आणि दुसऱ्यावर 'स्वयंपाकघर' असं लिहून ठेवलं. उघडे डबे पाहून सेक्रेटरींना राहवेना. त्यांनी डब्यांच्या कडा पुसल्या, झाकणं ठोकून घट्ट बसवली आणि समाधानाने ऑफिस गाठलं.

संध्याकाळी परतल्यावर आपण चुकीच्या इमारतीत शिरलो असं वाटून ते आधी बाहेर गेले. पाटी वाचून पुन्हा आत आले. जिना पिवळाधमक होता. धावत वर जाऊन पाहिलं तर स्वयंपाकघर राखाडी.

"मेव्हण्याला अक्कल आहे का?" त्यांनी फोनवर रंगाऱ्याला झापलं.

"तो झाकणं वाचून काम करतो, साहेब. झाकणं कोणी लावली?"

सेक्रेटरींना एकाएकी खोकला आला.

बायको आली. तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून सेक्रेटरी जास्तच घाबरले. तिने ताट, सुरी आणि भाजी उचलली, खाली जाऊन जिन्यात बसली आणि म्हणाली, "माझं स्वयंपाकघर इथे आहे."

"अगं, लोक काय म्हणतील? उद्याच परत रंगवून घेतो."

पण उद्याचं काही जमेना. "वहिनी सांगत होत्या, मी ओतत होतो," रंगारी म्हणाला. "माप कोणी घेतलंय?" त्याचा पहिला पिवळा आजारी दिसत होता, दुसरा अंगावर येत होता, तिसऱ्याकडे बघून त्याने स्वतःच मान फिरवली.

इकडे वरच्या काकू "काय झालं?" विचारायला आल्या आणि मटार सोलत बसल्या. संध्याकाळचं ऊन दारातून आत आलं की तो जिना असा काही उजळायचा, की माणसं लिफ्ट सोडून पायऱ्या उतरू लागली. कुणाशी न बोलणारे मास्तर खुर्ची घेऊनच आले.

"जिन्यात बसायला मनाई आहे," सेक्रेटरींनी बजावलं.

"जरा बाजूला व्हा," मास्तर म्हणाले. "ऊन अडवताय."

शेवटी एकदाचा रंग जमला. सेक्रेटरींनी बायकोला वर बोलावलं आणि दारातच श्वास रोखून उभे राहिले. तिने भिंतीवरून हात फिरवला. तिचा चेहरा खुलला.

"हुबेहूब तोच," ती म्हणाली. "किती छान झालंय हो."

"मग ताट वर आणू?"

ती घुटमळली. "स्वयंपाक इथेच करीन. पण भाजी मात्र खालीच निवडणार. इथे हा रंग मला एकटीला बघावा लागतो."

ती गेली. सेक्रेटरी त्या सुंदर स्वयंपाकघरात थोडा वेळ उभे राहिले आणि त्यांनाही करमेना. त्यांनी दोन कप चहा केला आणि खाली गेले. पायऱ्या भरल्या होत्या.

"थोडी जागा होईल का?" त्यांनी विचारलं.

बायको सरकली. काकूंनी त्यांच्यापुढे मटार सरकवले. बायको कशावर तरी हसत होती, ऊन भिंतीवरून तिच्या केसांत उतरलं होतं, आणि सेक्रेटरींना फार सुखी वाटलं.

तेवढ्यात रंगारी आला. "साहेब, गच्चीचा जिना राहिलाय. कुठला रंग लावू?"

सगळे सेक्रेटरींकडे बघू लागले. सेक्रेटरींनी एक शेंग सोलली.

"ते मी नाही सांगणार," ते म्हणाले. "मी सांगितला तर तुम्ही नेमका तोच लावाल."