खालच्या वाडीवरचा डोंगर

खालच्या कोर्टाने खाणीला परवानगी दिली तेव्हा आमचा नेवशीचा डोंगर जागेवरून उठून बंदराकडे निघाला, मधल्या कोर्टाने स्थगिती दिली तेव्हा माघारी वळला, आणि वरच्या कोर्टाने 'जैसे थे' सांगितलं तेव्हा नेमका खालच्या वाडीवर होता. तेव्हापासून तो तिथेच आहे, माडांच्या शेंड्यांपासून चार हात वर.

डोंगराला दोष देता येत नाही. तो कोर्टाचा हुकूम पाळतो, माणसांसारख्या पळवाटा काढत नाही.

'जैसे थे' वाडीलाही लागू झालं. आतल्यांनी आत राहायचं, बाहेरच्यांनी बाहेर. मी दळण आणायला गेलो होतो, म्हणून बाहेर. माझी बायको शेवंती आणि सहा वर्षांची मुलगी आत. रोज सकाळी मी सावलीच्या कडेला उभा राहतो, शेवंती घरापुढच्या खळ्यात येते. वरून लाल माती झरत असते.

"चेडू पेज खाता मां?" मी विचारतो.

"खाता. पण खळ्यात येवक भियाता."

मीही भितो. भीत नाही म्हणणारा एकच, आमचा वकील, आणि तो मुंबईत राहतो.

मागच्या महिन्यात तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. दिसलं ते त्यांनी लिहिलं: 'डोंगराची जागा – खालची वाडी.' पंचांनी न वाचता सह्या ठोकल्या. आमच्याकडे पंचनामा वाचणं म्हणजे साहेबांवर अविश्वास दाखवणं. पहिली सही माझी.

मग वकिलाचा फोन आला. जिंकलो तर डोंगर कागदावरच्या जागी बसणार. हरलो तर सुरुंग कागदावरच्या जागी लागणार.

मी भाऊसाहेबांचे पाय धरले. "तेवढी जागा बदला."

"जैसे थे असताना कागदाला हात लावता येत नाही," ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं. चहासुद्धा घेतला नाही.

सुनावणी गुरुवारी. बुधवारी सकाळी सावलीच्या कडेला असलेल्या देवळात गाव जमलं. देवापुढे नारळ ठेवून पांडू गावकार गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. पाच वर्षं त्यांनी एकच मागणं मागितलं होतं, निकाल आमच्या बाजूने लाव. आज "बा देवा म्हाराजा" म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले.

मी हात जोडले. "आबानू, निकाल मागू नकात."

"मगे काय मागू?"

"तारीख."

गावकारांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या खटल्याचो निकाल कधीच लागाचो नाय असा कर. जज बदलांदे, वकील आजारी पडांदे, कागद गहाळ होवंदे, पण म्होरची तारीख गावत रवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

सावलीतूनही होकार आला. सगळ्यांत मोठा आवाज शेवंतीचा होता.