पिस्तोंकाकांची पाचची ओवी

पिस्तोंकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, ओठांकडे बघत. आमच्या बेटावरच्या फिनिक्स गावातल्या गल्लीत नवी सून आली की बाकीच्या बायका तिच्या बांगड्या मोजत, आणि काका भर मांडवात मान वाकडी करून म्हणत, "खालचा ओठ पातळ आहे. हिचं काही खरं नाही."

एकदा त्यांच्या पुतणीला बघायला लांबच्या शमें ग्रेनिए गावाहून पाहुणे आले. मुलगा नोकरीला, घर पक्कं, सगळं जुळत आलेलं. तेवढ्यात काका मुलाला म्हणाले, "बाळा, जरा शीळ घाल बघू." बिचाऱ्याने प्रयत्न केला, तर नुसती हवा. "असू दे," काकांनी निकाल दिला, "स्वभावाने बरा दिसतो." लग्न झालं, पण जावईबापू ते अजून विसरलेले नाहीत.

काकांचं खरं नाव लक्ष्मण. बावीस वर्षं ते सरकारी बँडात कॉर्नेट वाजवत होते. बिगुलाच्या जातीचं, तीन बटणांचं ते पितळी वाद्य. आमच्याकडे त्याला पिस्तों म्हणतात, म्हणून हे पिस्तोंकाका. सगळं जग त्यांच्या लेखी एक तर तालात होतं नाही तर तालाबाहेर. मी त्यांची शेजारीण, शिवणकाम करणारी. येता-जाता माझ्या खिडकीत डोकावून म्हणायचे, "सुमन, तुझं मशीन पळतंय. दुस्मां, दुस्मां!" म्हणजे सावकाश, सावकाश.

"पळू दे," मी म्हणायची. "शाळांचे पन्नास गणवेश पडलेत, ते तुम्ही शिवणार का?"

त्यांचा दुसरा लाडका शब्द 'आंकोर'. म्हणजे पुन्हा एकदा. काकांना आमटी आवडली तरी आंकोर, आणि पोस्टमनने नाव चुकीचं हाकारलं तरी आंकोर!

पण खरे काका बघायचे असतील तर संध्याकाळी पाचला. बसमधून उतरले की गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पिस्तोंची पेटी उघडायचे आणि एक ओवी वाजवायचे. ती काकींच्या आईची जात्यावरची ओवी. काकी चालत्याबोलत्या होत्या तेव्हा ती ऐकून चहाचं आधण ठेवायच्या. मग त्यांची उजवी बाजू गेली, खाटेला खिळल्या, तरी पाच वाजता ओवी ऐकून त्यांचा चेहरा असा फुलायचा की बघत राहावं. दिवसभर त्या त्याच आशेवर असायच्या.

आणि मग ते लिमोनाद, म्हणजे बाटलीतला गोड सोडा, आडवं आलं.

सांत्र द फ्लाक गावी भाच्याचं लग्न होतं. ऊन मी म्हणत होतं. खुर्चीत बसवलेल्या काकी म्हणाल्या, "तहान लागली हो." लिमोनादची बाटली मिळाली, पण उघडायला काही सापडेना. काकांनी बूच दातात धरलं. बूच निघालं, आणि बावीस वर्षं फुलासारखे जपलेले पुढचे दोन दात मुळापासून हलले. काकांनी तोंडावर रुमाल धरला, काकींना बाटली पाजली आणि वर म्हणाले, "थंड आहे ना?" आठवड्यात दोन्ही दात काढावे लागले.

कवळी बसली. पण कवळीने भाकरी चावता येते, पिस्तों वाजवता येत नाही. फुंकलं की आवाजाच्या आधी कवळी बाहेर. बँडाने त्यांना वाद्यांच्या कोठीत काम दिलं. काकींना त्यांनी सांगितलं, दात जुने झाले होते आणि पिस्तों दुरुस्तीला गेलंय. "खरं कळलं तर जन्मभर स्वतःला दोष देईल ती," काका मला म्हणाले. "आणि मी तरी कुणाला बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ."

पण पाच वाजले की काकी दाराकडे बघायच्या आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायच्या. पेजेची वाटी अर्धी परत यायला लागली. काकांचं धाबं दणाणलं. आपल्या जागी कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी वाजवलं पाहिजे, आणि तेही काकींना संशय न येता! ते ओठ शोधत फिरू लागले. खाटकाचे बघितले, कंडक्टरचे बघितले. चर्चच्या पाद्र्याचे बघितले, तर तो घाबरून आत गेला.

एका दुपारी मी एका गिऱ्हाइकाचा झगा अंगावर बेतत होते. ओठांत टाचण्या, आणि त्यातूनच मी तिला झापत होते की मागच्यापेक्षा जाड झालीस. खिडकीत काका थबकले.

"किती टाचण्या आहेत गं?"

"अकरा."

"आणि बोलताना एकही पडत नाही?"

"पंधरा वर्षांत एक पडली नाही. का?"

काकांनी कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

कपाळ माझं! मी, दोन पोरांची आई, पिस्तों वाजवणार? पण काकांनी हात जोडले. मोठा माणूस हात जोडतो तेव्हा नाही कसं म्हणायचं?

घरात शिकवलं तर काकींना ऐकू जाणार. म्हणून शिकवणी गल्लीमागच्या उसात. ऊस डोक्याच्या वर गेलेला. पहिल्या दिवशी मी फुंकलं तर मजूर कोयते टाकून धावत आले. त्यांना वाटलं गाय अडली. चौथ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या ओठांवरचा लाल गोल वळ बघितला. "हे काय गं? रोज उसात जातेस, आणि हे?" उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी आमची गल्ली. मी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पाट आणि तुरीच्या शेंगा घेऊन उसात हजर. आठवड्याभरात मी चुकले की शेंगा सोलता सोलता त्याच ओरडायच्या, "आंकोर!"

तीन महिन्यांनी ओवी बसली. सरळ, सुबक, टीप घातल्यासारखी. मला वाटलं काका आता शाबासकी देतील. ते म्हणाले, "चूक."

"कुठे?"

"तिसऱ्या ओळीत. मधेच श्वास घे."

"मला लागत नाही श्वास तिथे."

"मला लागायचा," काका म्हणाले. "बावीस वर्षं तिथे माझा दम तुटतोय. तू तोडला नाहीस तर ती ओवी माझी कशी?"

चांगली शिलाई मुद्दाम उसवायला सांगावी, तसं झालं मला. पण शिकले. एक दिवस पाचच्या बसने काका उतरले, गल्लीच्या तोंडाशी भिंतीआड मी उभी राहिले आणि वाजवलं. काका रिकामी पेटी हातात घेऊन ऐटीत घरात शिरले. सासूबाई काकींजवळ बसल्या होत्या. त्या सांगतात, काकींनी मान वळवली आणि म्हणाल्या, "आधण ठेवा. आले." त्या रात्री पेजेची वाटी रिकामी झाली.

सगळ्या गल्लीने ही चोरी पोटात ठेवली. जी गल्ली कुणाच्या घरातली आमटी खारट झाली तेही संध्याकाळपर्यंत शमें ग्रेनिएला पोचवते, ती गप्प बसली. वर लोक आपली पोरं घेऊन काकांकडे यायला लागले. सुमन शिंपीण शिकते तर कोणीही शिकेल! काकांनी निवृत्ती घेतली. दुपारी त्याच उसात शिकवण्या घ्यायचे आणि पाचला पेटी घेऊन बसथांब्याकडून घरी यायचे. पोरांपैकी कुणी तिसऱ्या ओळीत दम तोडला तर मात्र त्याला असे रागवायचे की विचारू नका.

वर्षभराने मी काकींच्या ब्लाउजचं माप घ्यायला गेले. काका आत चहा करत होते. काकींनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "छान वाजवतेस पोरी."

माझ्या हातातली टेप खाली पडली.

"पहिल्या दिवशीच कळलं. इतकं सुरेख त्यांना कधी जमलं नाही." त्या अर्ध्या तोंडाने हसल्या. "पण तो मधला श्वास त्यांचाच. तो ऐकते मी."

मी खाटेच्या कडेला टेकले.

"बाटली मीच मागितली होती ना," त्या म्हणाल्या. "सांगू नकोस हं त्यांना. मला काही कळत नाही असं वाटतं, म्हणून तर रोज पाचला हसत घरात येतात."

काका कप घेऊन बाहेर आले. "काय गुजगोष्टी चालल्यात?"

"ब्लाउजच्या," काकी म्हणाल्या.

काकांनी बशीत चहा ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी काकींच्या ओठांना लावली. घड्याळात पावणेपाच झाले होते. "बसथांब्यापर्यंत जाऊन येतो," म्हणत काकांनी रिकामी पेटी काखेत मारली. मी टेप उचलली आणि निघाले, कारण पाचला मला गल्लीच्या तोंडाशी पोचायचं होतं.