मंत्रालयाच्या फोनला बूट

सिंगापूरहून लिहितोय म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता हा पोरगा छपरावरचे पोहायचे तलाव दाखवणार, रात्रीचा झगमगाट दाखवणार. बसा परत टेकून. या लेखात कोकणातल्या एका वाडीचा ओढा आहे, त्यावर न झालेला साकव आहे आणि क्वीन्सटाउनच्या नवव्या मजल्यावर घरात बूट घालून उभे असलेले पेडणेकर काका आहेत. मीही आहे. पण माझं कौतुक वाटावं असं त्यात काही नाही, ते आत्ताच सांगून टाकतो.

आधी बूट. काका जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून रिटायर झालेले. बायको गेल्यावर मुलीकडे, सुषमाताईकडे, आले. ताईच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतलीय. ताई जुरोंग आयलंडला केमिकल प्लांटमध्ये, सकाळी सहाच्या कंपनीच्या बसने जाते. तिचा नवरा बोटीवर, सहा-सहा महिने घराबाहेर. मी वन-नॉर्थला कोड लिहितो, तेही बरेचदा घरूनच. म्हणजे दिवसभर घरात काका, मी आणि काकांचा फोन.

काका तिकडच्या कातळवाडीचा साकव मंजूर करून घेत होते. साकव म्हणजे ओढ्यावरचा, माणूस चालत जाईल एवढा छोटा पूल. एवढ्याशा पुलाला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, तालुक्याचं अंदाजपत्रक लागतं, जिल्ह्याची शिफारस लागते आणि शेवटी मंत्रालयाची मान्यता. काका चारही ठिकाणी फोन लावायचे, कायम स्पीकरवर. ग्रामपंचायतीशी पलंगावर पाय पसरून बोलायचे. तालुक्याशी खुर्चीत. जिल्ह्याशी उभं राहून. आणि मंत्रालयाशी? दाराबाहेरच्या रॅकमधून बूट काढून, नाड्या बांधून, शर्ट खोचून!

"बाबा, घरात बूट?" ताई ओरडायची. "रोज लादी मी पुसते!"

"मंत्रालयाशी अनवाणी बोलायचं? फाईल खाली ठेवतील ते," काका म्हणायचे.

हातातलं घड्याळ भारताच्या वेळेवर. इकडे साडेबारा वाजले की म्हणणार, "चला, कार्यालय उघडलं." मी चहा मागितला की, "प्रस्ताव तोंडी आहे. लेखी द्या." खरंच द्यायला लागायचं! एखाद्या जुन्या कागदाच्या मागच्या बाजूला. त्यावर ते 'मान्य, साखर कमी' असा शेरा मारायचे. आणि पालुपद एकच: "उमेशराव, काम कुणी करत नसतं. काम पाठपुरावा करतो."

एकदा आमच्या ब्लॉकच्या जिन्यातला दिवा गेला. मी ॲपवर तक्रार टाकली, दुसऱ्या दिवशी दिवा लागला. काका दिवसभर जिन्यात जाऊन तो दिवा बघून येत होते. शेवटी विचारलं, तर म्हणाले, "एकही फोन नाही, स्मरणपत्र नाही, आणि काम झालं? हे काही बरं लक्षण नाही."

आता माझं सांगतो. मी करमाळ्यात शिकलो. अभ्यासात यथातथा, पण नकला बेफाम. हेडमास्तरांच्या आवाजात मी अख्ख्या शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिलीय. इथे आल्यावर त्या कलेला गिऱ्हाईक नव्हतं. इंग्रजीतल्या मीटिंगमध्ये कुणाची नक्कल करणार? मग एका मंगळवारी मला खाज सुटली.

मी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, बाकावर बसलो. माझं करमाळ्याचं सिमकार्ड घातलं आणि काकांना फोन लावला. तोंडात सुपारी आहे, नाक चोंदलंय आणि जगाचा कंटाळा आलाय, असा आवाज काढला.

"मंत्रालयातून कक्ष अधिकारी बोलतोय. पेडणेकर का?"

"एक मिनिट साहेब! एकच मिनिट!"

मग खडखडाट. दार, रॅक, दार. बूट चालले होते! बाकावर मी तोंडात रुमाल कोंबला. शेजारी बसलेले चिनी आजोबा माझ्याकडे काळजीने बघायला लागले.

"बोला साहेब," काका धापा टाकत म्हणाले.

"ते कातळवाडीचं काय प्रकरण आहे?"

यावर काका सुटलेच. ओढा किती रुंद, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, शाळा पलीकडे कशी, सुपारीच्या खोडांचा जुना साकव दर वर्षी कसा बांधायला लागतो. मी "हं... हं..." करत होतो. ते थांबले तेव्हा मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि जिभेवर जे आलं ते बोललो.

"झाली मान्यता. आदेश निघेल."

पलीकडून हळूच, "उपकार झाले साहेब."

वर जाऊन "काका, मीच होतो!" म्हणायचं, दोघांनी हसायचं, ते एक टपली मारणार, असा बेत होता. लिफ्टमधून निघालो तर काका दारातच उभे. घामाने शर्ट भिजलेला.

"उमेशराव, झालं! तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय. सुषमालासुद्धा अजून नाही."

त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, स्वतः चहा ठेवला. लेखी प्रस्तावाशिवाय. आणि साखर घालता घालता म्हणाले, "त्या वाडीचा रस्ता मीच केलाय. अंदाजपत्रकात साकव होता. मार्चअखेर होती, आकडा बसेना, वरून फोनवर फोन. मी एक ओळ लिहिली, 'साकव दुसऱ्या टप्प्यात घ्यावा.' सही ठोकली. रस्ता ओढ्याच्या काठावर नेऊन सोडला मी. दुसरा टप्पा आलाच नाही. रिटायर झालो तरी ती ओळ माझ्याच अक्षरात आहे त्या फाईलमध्ये."

आता सांगा, यावर कुठल्या तोंडाने "मीच होतो" म्हणायचं? उद्या सांगू म्हटलं. बुधवारी मी मुद्दाम ऑफिसला गेलो. गुरुवारीही. घरून काम करणारा पोरगा अचानक एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जायला लागला, तर ताई म्हणाली, "काय रे, प्रमोशन की काय?"

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना काकांनी फोन माझ्यापुढे धरला. सरपंचताईंनी फोटो पाठवला होता. ओढा दिसत होता. साकव नव्हता. खोडं काठावर रचून ठेवलेली आणि बाजूला पंधरा-वीस माणसं चिखलाच्या पायांनी हसत उभी.

"जुना साकव उतरवून घेतला," काका खुशीत म्हणाले. "मीच सांगितलं. आदेश आल्यावर 'जागा उपलब्ध नाही' एवढ्या एका शेऱ्यावर कामं परत गेलेली पाहिलीत मी. म्हटलं, जागा मोकळी करा. आदेश यायच्या आत आपली तयारी हवी. सगळ्या वाडीने श्रमदान केलं."

"मग मुलं शाळेत कशी जातात?" ताईने विचारलं.

"काही दिवस वळसा. तासभर चालायचं. नव्या साकवासाठी चालतील की."

मी पाणी प्यायलो आणि त्या सुपारीवाल्या, चोंदलेल्या आवाजात, मान वर न करता म्हणालो, "कक्ष अधिकारी बोलतोय."

बस, एवढंच. पुढचं माझ्या आवाजात सांगायचा धीरच नव्हता.

ताईला कळायला वेळ लागला. काकांना नाही लागला. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ताट बाजूला सारलं आणि फोन लावला. पलंगावर बसले नाहीत. ग्रामपंचायतीच्या फोनला मी त्यांना पहिल्यांदाच उभं राहिलेलं पाहिलं.

"सरपंचताई, पेडणेकर बोलतोय. मान्यता आलेली नाही. ऐकण्यात माझा घोळ झाला."

"घोळ?" स्पीकरवर सरपंचताईंचा आवाज चढला. "साहेब, तीस घरांची माणसं दोन दिवस मजुरी सोडून पाण्यात उभी होती! आता पोरं शाळेत कुठनं जायची, तुमच्या सिंगापुरातनं? वय झालं असंल तर सोडा की हे फोन करायचं!"

"चूक माझी. साकव परत बांधून घ्या."

"ते काय तुम्ही सांगायला पाहिजे?" खाड्कन फोन बंद.

मी म्हणालो, "काका, माझं नाव का नाही सांगितलंत?"

ते खोलीत गेले. ताईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आपण होऊन सगळी भांडी घासली.

वाडीला साकव परत बांधायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आमच्या घरात फोन झाला नाही. कार्यालयं उघडली, बंद झाली. बूट रॅकमध्येच. मंजुरीचं प्रकरण होतं तिथेच आहे, आजही.

पाचव्या दिवशी काकांनी माझं दार वाजवलं.

"उमेश." राव नाही. "उभा राहा."

मी राहिलो.

"तुझं नाव सांगितलं असतं, तर उद्या खरा फोन आला तरी त्या बाईने विश्वास ठेवला नसता. म्हणून नाही सांगितलं. तुझ्यावर दया म्हणून नव्हे. कळलं?"

"हो."

"आणि मीही गाढव. चौतीस वर्षं नोकरी केली. मंत्रालयातल्या माणसाने कधी माझं वाक्य पुरं होऊ दिलंय? आणि तुझा तो कक्ष अधिकारी अगदी शेवटपर्यंत ऐकत होता. तिथेच कळायला हवं होतं. पण कुणी ऐकतंय म्हटल्यावर मी बोलतच सुटलो. पायात चुकीचे बूट होते रे, जावयाचे. तेही कळलं नाही."

"काका, चुकलं माझं."

"गप्प. पुन्हा असली नक्कल करायची असेल ना, तर नकार दे. 'पैसे नाहीत' म्हण, 'पुढच्या वर्षी बघू' म्हण, शिव्या घाल. नकार मला पचतो. होकार देऊ नकोस कुणाला असा. होकार आला की माणूस आहे तो साकवसुद्धा उतरवून टाकतो."