जंगल बंद, टेकडी चालू

प्रवासाला निघालेल्या आईबापांनी मुलांना निसर्ग दाखवलाच पाहिजे, याबाबत आता कोणाचेही दुमत उरलेले नाही. मुलांना निसर्ग पाहायचा आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. तो सहसा हॉटेलच्या खोलीत, धाकट्याचा एक बूट सापडत नसताना निघतो आणि तिथेच दडपला जातो.

तक्रारसाहेबांच्या खोलीतही त्या सकाळी तो असाच दडपला गेला. साहेब एका मोठ्या कचेरीत तक्रार निवारण विभागाचे प्रमुख होते. तक्रार निवारणे म्हणजे ती पुरती निवेपर्यंत टेबलावर राहू देणे, हा अर्थ त्यांनी नोकरीच्या सुरुवातीलाच ओळखला होता आणि त्यावरच ते वर चढले होते. सोबत बायको, सहा वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा. थोरलीला मुंगी दिसली की मुंगीच्या घरापर्यंत सोबत करायची खोड. धाकट्याला जगातली सगळी बटणे आपल्यासाठीच बसवली आहेत, अशी खात्री.

शहराच्या ऐन मध्यावर एक टेकडी होती आणि टेकडीवर शहराच्याही आधीपासूनचे वर्षावन. चहूकडे काचेच्या इमारती आणि मध्येच हे ओले, हिरवेगार, माजलेले रान. सकाळी त्यातून वाफ निघायची. थोरलीने खिडकीला नाक लावून विचारले होते, "बाबा, आत कोण चहा करतंय?" तेव्हाच बायकोने ठरवले, "आज तिथेच जायचं. मॉल आपल्याकडेही आहेत."

टेकडीच्या पायथ्याशी रान सुरू होण्याऐवजी एक थंडगार इमारत सुरू झाली. दारावर पाटी होती: वनानुभव केंद्र. आत गणवेशातल्या एका बाईंनी हसून चौघांच्या डोक्यावर हेल्मेटे चढवली.

"फांद्या पडतात," त्या म्हणाल्या.

"नेहमी पडतात?" साहेबांनी विचारले.

"हेल्मेट सक्तीचं केल्यापासून एकही नाही."

मग डोळ्यांना पाने लागू नयेत म्हणून चष्मे आले. जंगलाला बाहेरची माती लागू नये म्हणून बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. शेवटी कानांवर हेडफोन आले, त्यात पक्षी बोलत होते.

"खरे पक्षी नाहीत का?" थोरलीने विचारले.

"आहेत ना, बाळा. पण ते वेळेवर बोलत नाहीत."

असे सजून चौघे सरकत्या जिन्याने वर गेले, तेव्हा ती अंतराळात चाललेली मंडळी वाटत होती. वर एक मोठे दालन होते. त्यात सिमेंटचे वृक्ष, प्लास्टिकच्या वेली आणि रबरी माकड. माकड ठरावीक वेळाने दात दाखवी. एका खांबावर 'पाऊस' असे लिहिलेले बटण होते. धाकट्याने ते दाबले, छतातून झिरमिर सुरू झाली आणि धाकट्यापुरता निसर्गाचा प्रश्न सुटला.

साहेबांनी तिथल्या अधिकाऱ्याला गाठले. कोटावर हिरवे पान टाचलेला हा गृहस्थ स्वतःला वनानुभव अधिकारी म्हणवत होता.

"जंगल कुठे आहे?"

"हे काय."

"हे नाही हो. ते बाहेरचं. हॉटेलातून दिसतं ते."

"ते होय! ते बंद आहे. दुरुस्तीला काढलंय."

"जंगलाची दुरुस्ती?"

"काय करणार साहेब, लोकांच्या तक्रारी फार. ओल आहे, चढ आहे, किडे आहेत. एका कुटुंबाने लिहिलं, झाडं सगळी वेगवेगळ्या उंचीची आहेत, फोटोत बसत नाहीत. शेवटी लोकांच्या इच्छेपुढे कोणाचं चाललंय?"

साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. तक्रारींनी गांजलेला माणूस त्यांना कुठेही भेटला तरी सख्ख्या भावासारखा वाटे. दोघांचे व्यवसायावर चांगले बोलणे जमले असते, पण तेवढ्यात बायकोची हाक आली.

"अहो, थोरली कुठाय?"

रबरी माकडाजवळ हेल्मेट, चष्मा, हेडफोन आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या नीट मांडून ठेवलेल्या होत्या. पलीकडे भिंतीत 'संकटकालीन मार्ग' असे लिहिलेले दार होते. ते वीतभर उघडे होते आणि फटीतून मुंग्यांची एक रांग बाहेर, खऱ्या जंगलात चालली होती.

साहेब अधिकाऱ्याकडे धावले.

"माझी मुलगी हरवलीय!"

"कुठे?" अधिकाऱ्याने शांतपणे विचारले.

"जंगलात! त्या दारातून गेलीय!"

"जंगल बंद आहे."

"पण दार उघडं आहे!"

"ते संकटकाळीच उघडतं. संकट अजून जाहीर झालेलं नाही."

"मग जाहीर करा ना!"

"कशाच्या आधारावर? बंद जागेत कोणी जाऊ शकत नाही. जिथे जाऊ शकत नाही तिथे हरवू शकत नाही. आमच्याकडे मुलं हरवतात ती खालच्या खेळण्यांच्या दुकानात. तिथे बघितलंत का? बघून घ्या. आपली भावना आम्ही समजू शकतो."

ते शेवटचे वाक्य साहेबांना गालावर चपराक बसावी तसे लागले. गेली कित्येक वर्षे ते हेच वाक्य समोरच्याला ऐकवत आले होते. ऐकणाऱ्याला ते कसे लागते, हे त्यांना आज कळले. तरीही सवयीने त्यांनी विचारले, "वरिष्ठ कोण आहेत?"

बायकोने धाकट्याला काखेत मारले होते. ती ओरडली, "अहो, पोरगी तिकडे आणि तुम्ही वरिष्ठ कसले विचारताय? जाताय की मी जाऊ?"

साहेब गेले.

दाराबाहेर पाऊल टाकताच बुटावरच्या पिशवीने दगा दिला आणि ते सरळ बसूनच उताराला लागले. वेलींनी चष्मा काढून घेतला. हेल्मेट कुठल्याशा मुळाला आपटून घरंगळत गेले. कानांत मात्र पक्षी अजून ठरल्या वेळी बोलत होते. साहेबांनी हेडफोन ओरबाडून फेकला आणि ओरडले, "चिमणे! ए चिमणे!" थोरली पाळण्यात असताना ते तिला चिमणे म्हणत. मध्ये ते कधी सुटले, त्यांना आठवत नव्हते.

"शू!" जवळूनच आवाज आला.

एका अवाढव्य झाडाच्या, भिंतींसारख्या उभ्या मुळांच्या बेचक्यात थोरली उकिडवी बसली होती. कोपर खरचटलेले, गुडघ्यांपर्यंत चिखल. समोरच्या पानावर एक गोगलगाय होती.

"बाबा, ओरडू नका ना. ती जेवतेय. आवाज येतो."

साहेबांनी रागवायचे शब्द जुळवून आणले होते. ते राहिले बाजूला. त्यांनी तिला छातीशी धरले, इतके घट्ट की ती म्हणाली, "दिसत नाहीये मला." मग ते तिच्याशेजारी चिखलात बसले आणि कान देऊन ऐकू लागले. आधी नुसतेच ठिबकणारे पाणी ऐकू आले. मग खरोखरच, लाकडावर कोणी नखाने खरवडावे तसा बारीकसा आवाज. साहेबांचे डोळे भरून आले. कोणाच्याही भावना समजून न घेता त्यांना काहीतरी वाटत होते आणि हे त्यांच्या सवयीचे नव्हते.

बापलेक चढून दारात आले, तेव्हा टाळ्या वाजल्या. दालनातली झाडून सारी मंडळी फोन उंचावून तिथे गोळा झाली होती. बायकोने थोरलीला आधी पोटाशी धरले, मग पाठीत एक धपाटा घातला. गर्दीतून कोणी विचारले, "हे तिकिटातच आहे की वेगळं?"

हा प्रश्न कानी पडताच अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर पहाट झाली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "मी तुमच्यावर कारवाई करणार होतो. पण लोकांना आवडलंय हो! 'हरवलेलं मूल शोधा', सहकुटुंब. फक्त तुमचा एक फोटो द्या, दारावर लावायला."

"माझी तक्रार आहे," साहेब कडाडले.

"अवश्य. पण आधी फोटो, गर्दी पांगतेय."

थोरलीच्या गुडघ्यांवरचा चिखल पुसण्यात आला आणि तिथे धुता येणारा चिखल लावण्यात आला. साहेब नको नको म्हणत होते, पण कॅमेरा समोर आला तेव्हा त्यांचे पोट आपोआप आत गेले आणि ओठ आपोआप पसरले.

"आम्ही उद्या परत येऊ?" थोरलीने अधिकाऱ्याला विचारले. "गोगलगायीकडे?"

"ये ना! उद्यापासून आम्ही तिथे रबराची बसवतोय. मोठी. बटण दाबलं की खाते."

थोरलीने बाबांकडे पाहिले. बाबा फोटोत आपण कसे आलो ते पाहत होते.

आता टेकडीच्या त्या उतारावर हरवण्यासाठी पक्की वाट झाली आहे. कठडे आहेत, दिवे आहेत. वाट रुंद हवी म्हणून भिंतींसारख्या मुळांचे ते झाडही काढावे लागले. सकाळपासून आईबापांची रांग लागते. खरे जंगल कुठे आहे, असे त्यांपैकी कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच, की चार वर्षांखालचे मूल हरवायला चालते का.

हसू नका. हे वाचता वाचता तुम्हीही मनातल्या मनात आपल्या पोरांची वये ताडून पाहिलीतच. या, चालते.