हसरा महादेव, शुभेच्छुकांसह

महादेव सांबरेकरच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक कवटी होती. तिच्या शेजारी लाल फितीला विळखा घालून बसलेला नाग, आणि नागाच्या शेजारी हाडांचा सापळा. सापळ्याच्या हातात, का कोण जाणे, विळा दिला होता. ही खोली म्हणजे बेळगावातल्या एका सरकारी दवाखान्यातलं एचआयव्हीचं समुपदेशन केंद्र, आणि महादेव तिथला समुपदेशक. आलेल्या माणसाला धीर द्यायचा, रोज गोळी घेतली तर माणूस म्हातारा होऊनच मरतो असं समजावून सांगायचं, हे त्याचं काम. तो हे समजावत असताना समोरचा माणूस त्याच्या डोक्यावरच्या कवटीकडे बघत बसायचा. इतकी वर्षं हेच चाललं होतं आणि महादेव आता पार दमला होता.

"सर, तुमी बोलताय ते लई ग्वाड," यल्लव्वा एकदा म्हणाली, "पर ही तुमची भिंत शिव्या देत्या की ओ."

यल्लव्वा भाजी विकायची आणि दर महिन्याला गोळ्या न्यायला यायची. तोंडानं फटकळ, पण बोलली ते खोटं नव्हतं. म्हणून यंदा एड्स दिनाला गावोगावी जे फलक लावायचे, त्यांवर कवटी नको, नाग नको, हसरा माणूस पाहिजे, असं महादेवनं साहेबांना सुचवलं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "काय करायचं ते करा, एक तारखेच्या आत करा."

आता हसरा माणूस आणायचा कुठून? ज्यांना आजार होता ते फोटो देणार नाहीत, हे महादेवला समजत होतं. पण ज्यांना नव्हता ते तर त्याहून देईनात. मोबाइलवर शोधलं तर गोरं कुटुंब, हिरवळ आणि केसाळ कुत्रं. ते बघून महादेवच्या येळ्ळूर गावचा माणूस म्हणणार, आजार त्यांचा, आपला काय संबंध? शेवटी कंटाळून तो टिळकवाडीतल्या शामूच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसला.

"आपल्यातलाच माणूस पाहिजे रं शामू. अंगानं भरलेला, हसतमुख. एकटा वाटायला नको, मागं माणसं हायत असं वाटाय पाहिजे."

"म्हंजे वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखा?"

"व्हय. तसाच."

"न्हाई, नक्की तसाच न्हवं? न्हाईतर मागनं म्हणशीला..."

"शामू, चार दिवस झालं मी चित्रंच बघाय लागलोय. आता मला काय दाखवू नको. मजकूर दिलाय, वर कन्नड, खाली मराठी. छाप आणि सरळ नेऊन बांध."

माणूस दमला की असं बोलून जातो आणि मग ते निस्तरताना आणखी दमतो. महादेव त्या दिवशी घरी जाऊन सरळ झोपला.

सकाळी तो येळ्ळूरच्या बसस्टॉपवर आला तेव्हा स्टॉपवरची सगळी माणसं वर बघत होती. त्यानंही वर बघितलं. वर तो स्वतःच होता. निळं जाकीट, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू, भोवती सोनेरी महिरप. गेल्या जूनमध्ये गल्लीतल्या मंडळानं त्याच्या वाढदिवसाला लावला होता तोच फोटो. आमच्या भागात वाढदिवसाचा फ्लेक्स ज्याचा लागला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याचा श्रद्धांजलीचा तरी लागतोच. फोटोच्या खाली ठळक अक्षरात होतं : 'मी एचआयव्हीसह जगतो. रोज गोळी घेतो. ठणठणीत आहे!' आणि त्याच्याही खाली, आडव्या ओळीत, गॉगल लावलेल्या अध्यक्ष ज्योतिबापासून सुरुवात करून अख्ख्या मंडळाचे फोटो आणि लाल पट्टीत लिहिलेलं : 'शुभेच्छुक'.

महादेवनं तिथूनच शामूला फोन लावला.

"शामू, हे काय करून ठेवलंस रं?"

"सर, दुसऱ्या कुणाचा लावला असता तर दुकान फोडलं असतं. तुमी काय फोडणार न्हाईसा."

"आणि खाली शुभेच्छुक?"

"तुमीच म्हणालासा की, मागं माणसं दिसाय पायजेत. मागं वाघ होता तो मी काढलाय बघा."

कामगिरी चोख होती, सांगितलं होतं तसंच झालं होतं.

फोन ठेवतो तोवर मंडळाचा अध्यक्ष ज्योतिबा धापा टाकत आला. गॉगल आज डोळ्यांवर नव्हता.

"महादेवअण्णा, तुमाला झालं ते झालं. आमी हाय तुमच्या संगं. पर शुभेच्छुक कशाला घातलासा ओ? माझी बायको म्हणाय लागल्या, असल्या गोष्टीला शुभेच्छा कोण देतंय?"

"अरं, मला काय झालेलं न्हाई!"

"व्हय व्हय, न्हाईच झालेलं," ज्योतिबा लगेच मऊ आवाजात म्हणाला. या आवाजात लोक एरवी फक्त मयताच्या घरी बोलतात.

फलक उतरवावा म्हणून महादेव पंचायतीत गेला. तिथल्या क्लार्कनं कपाळाला हात लावला. "सर, ह्या गावात फलकाला हात लावायचा? सीमाभागातलं गाव हे, आणि त्यावर मराठी हाय की ओ. कोण काढलं, का काढलं, कुणाच्या सांगण्यावरनं काढलं, दुपारपर्यंत गाव गोळा हुतंय बघा. असू द्या. वारं-वावधान आलं तर आपसूक पडंल."

नेमकं त्या आठवड्यात वाऱ्यानं दडी मारली.

घरी मंगल उंबऱ्यातच उभी होती. मंगल म्हणजे महादेवची बायको, आणि तिच्या रागाला कारण होतं. रविवारी निपाणीचे पाहुणे यायचे होते. त्यांच्या लेकीला, सौम्याला, मुलगा पसंत होता, मुलाला सौम्या पसंत होती, आता मोठ्यांनी बसून सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. तीन ठिकाणी पत्रिका आडवी आल्यावर हे एक स्थळ जुळलं होतं.

"पाव्हणं त्याच स्टॉपवरनं येणार," मंगल म्हणाली. "तुमी हात जोडून वर उभंच हायसा त्यांच्या स्वागताला! लोकांची घरं सावरता सावरता आपलं घर घातलासा की न्हाई मातीत?"

"पप्पा, फोटो मात्र चांगला आलाय," सौम्या आतून म्हणाली. ती निवांत बसून नखं रंगवत होती. हिला काळजी कशी वाटत नाही, याचं महादेवला नवल वाटलं.

मग महादेव सांगत सुटला. बसच्या कंडक्टरला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मला काही झालेलं नाही, मी तसला माणूस नाही. न्हाव्याला तर त्यानं गळ्याला टॉवेल बांधायच्या आत सांगितलं. "तुमी न्हाई म्हणताय तर न्हाई," न्हावी म्हणाला आणि त्यानं नवंकोरं ब्लेड फोडलं. दर गिऱ्हाईकाला नवं ब्लेड वापर म्हणून महादेव त्या न्हाव्याच्या वर्षानुवर्षं मागं लागला होता. आज ती इच्छा पुरी झाली आणि त्याला रडावंसं वाटलं.

"कोरड्या बोलण्यानं काय हुतंय?" मंगल म्हणाली. "तपासून घ्या आणि पाव्हण्यांना दावा."

तेही त्यानं केलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "महादेव, एचआयव्ही नाही. पण बीपी केवढं वाढलंय! आजपासून रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. आयुष्यभर घ्यायची, चुकवायची नाही, आणि उगाच घाबरायचं नाही." ही सगळी वाक्यं महादेवची होती. ती ऐकताना किती राग येतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

तो बाहेर आला तर व्हरांड्यात यल्लव्वा बसलेली. रिकामी टोपली मांडीवर, नजर सरळ त्याच्यावर.

"सर, तुमच्या गावाकडं भाजी घिऊन गेलतो. वर तुमाला हसताना बघून मी परतीच्या दोन बशी सोडल्या. म्हटलं, आमच्यातलं कुणीतरी एकदा त्वांड वर करून हसलं बाई. मग खाली बघतोय तर तुमीच कंडक्टरला सांगाय लागलायसा, मी तसला न्हाई, मी तसला न्हाई."

महादेवनं तपासणीचा कागद पाठीमागं धरला.

"तसला म्हंजे कसला ओ सर?"

एवढंच विचारून ती गोळ्यांच्या खिडकीकडे गेली. महादेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाजू नका, लाजू नका असं रोज दुसऱ्यांना सांगून त्यानं पगार घेतला होता, आणि स्वतःवर आल्यावर चार दिवस गावभर लाज वाटत फिरला होता. तपासणीचा कागद त्यानं चुरगाळून खिशात कोंबला आणि खोलीत येऊन बसला. खोलीच्या दाराशी येळ्ळूरचीच तीन माणसं उभी होती. तिघंही वेगवेगळ्या बसनं आली होती आणि एकमेकांना बघून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. पहिला आत आला, दार लावून हळूच म्हणाला, "अण्णा, तुमाला असून एवढी तब्येत हाय म्हटल्यावर म्या बी तपासून घेतो म्हणतो." मला नाही, हे शब्द महादेवच्या ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले आणि त्याला बसायला सांगितलं.

रविवारी सकाळी मंगलनं ज्योतिबाला गाठलं. काढू नको, निदान झाकून तरी टाक म्हणाली. ज्योतिबानं शब्द पाळला. त्यानं शिडी लावून शुभेच्छुकांची ओळ तेवढी पांढऱ्या कापडानं नीट झाकली आणि खाली उतरला. वर महादेव एकटा हसत राहिला.

पाहुण्यांची गाडी त्या फलकाखाली बराच वेळ थांबली होती, ही बातमी गाडीच्या आधी घरी पोचली. मुलाचे वडील आण्णाप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. जाडजूड, पांढरी टोपी, बोलणं कमी. पोह्यांची बशी त्यांनी हातात धरली, पण घास उचलला नाही. ती तशीच खाली ठेवून म्हणाले, "सोयरं, जरा भाईर यीता काय?"

मंगलनं तांब्या खाली ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. महादेव उठला. परसात गोठ्याजवळ दोघं उभे राहिले.

"स्टॉपवर फोटो बघितला," आण्णाप्पा म्हणाले. "तुमचाच न्हवं?"

खिशात तोच चुरगाळलेला कागद होता. काढून दाखवला असता की काम फत्ते. महादेवनं खिशात हात घातलाही. पण यल्लव्वाची ती रिकामी टोपली डोळ्यांसमोरून हलेना. त्यानं हात तसाच बाहेर काढला.

"व्हय. माझाच."

"गोळी कधी घेता?"

"रात्री. जेवल्यावर." हे खोटं नव्हतंच.

आण्णाप्पांनी टोपी काढली आणि एकदम महादेवचे दोन्ही हात धरले. "मी बी जेवल्यावरच घेतो. लई वर्सं झाली. आमच्या हिला ठावं हाय, पोराला ठावं हाय, दोघांची तपासणी चांगली हाय. भावकीला सांगितलंय, बीपीची गोळी हाय. कुणी वळखीचं भेटू नये म्हणून हद्द वलांडून कोल्हापूरला जाऊन आणतो. निपाणीपासनं यीऊपर्यंत डोक्यात एकच इचार, पोरीच्या बापाला सांगायचं कसं? आणि स्टॉपवर बघतोय तर सोयराच हात जोडून वर हुबा! देवानंच जुळवलं म्हणायचं."

त्यांचे डोळे भरले होते. महादेवला आता खरं सांगणं भाग होतं, या माणसाला फसवणं त्याला जमेना.

"आण्णाप्पा, मला न्हाई ओ. फ्लेक्सवाल्याची चूक झाल्या."

आण्णाप्पांचा चेहरा उतरला. हात सुटले. टोपी पुन्हा डोक्यावर चढली. "न्हाई?" ते म्हणाले. "मग मी उगाच बोलून बसलो. आता काय, तुमच्याकडनं मोडणार?"

"मोडायचं कशासाठी?" मागून आवाज आला. मंगल चहाचे कप घेऊन उभी होती आणि केव्हापासून उभी होती ते कप बघून कळत होतं, चहावर साय धरली होती. "चार दिवस गावानं आमाला तेच समजलंय, आमी काय मेलो न्हाई. साखर चालते न्हवं तुमाला? घ्या, गार हुतोय."

आण्णाप्पांनी कप घेतला. मग महादेवच्या कानाशी येऊन म्हणाले, "एक करा. तुमाला न्हाई, हे आमच्या हिला सांगू नका. तो फोटो बघितल्यापासनं ती गाडीत गाणं गुणगुणाय लागल्या. मोडू नका तिचं."

"बरं," महादेव म्हणाला. वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

मुलानं सौम्याला वडिलांची ही गोष्ट फोनवर आधीच सांगितली होती, हे महादेवला मागाहून कळलं. समुपदेशक घरातला आणि सगळ्यांत शेवटी कळलं ते त्यालाच.

पुढच्या रविवारी साखरपुडा झाला. रात्री जेवणाची पंगत उठली तसे आण्णाप्पा महादेवच्या शेजारी येऊन बसले आणि खिशातून गोळी काढली. महादेवनंही आपली काढली. समोर दोन्हीकडची भावकी पान खात बसली होती.

"आण्णाप्पांना बीपी हाय म्हणं," कुणीतरी हळहळलं.

"बीपीचं काय एवढं? त्या महादेवअण्णांचं बघ. एवढं मोठं दुखणं, पर माणूस कसा हसतोय!" ज्योतिबा अभिमानानं म्हणाला. फलकावरचं पांढरं कापड त्यानं कालच काढून टाकलं होतं.

दोघा व्याह्यांनी एकाच तांब्यातलं पाणी घेतलं. एकाच्या बीपीच्या नावाखाली एचआयव्हीची गोळी गेली आणि दुसऱ्याच्या एचआयव्हीच्या नावाखाली बीपीची. आण्णाप्पांच्या बायकोनं लांबून बघितलं आणि समाधानानं पदर सावरला. महादेवनं तिला हात जोडले, फलकावर होते अगदी तसेच.