शेळ्या हरवण्याचं दैनिक उद्दिष्ट

काफलडांडा रेडिओ लोक का ऐकतात, याची चौकशी करायला काठमांडूहून निरौला सर आले. केंद्राला अनुदान हवं होतं आणि अनुदानाला कारण हवं होतं. सरांनी डोंगरावरची चारशे बारा घरं पालथी घातली. उत्तर एकच मिळालं. सकाळी सातला बिष्णुमाया हरवलेल्या शेळ्यांची सूचना वाचते, म्हणून.

खरंच होतं ते. अकरा वर्षं बिष्णुमाया शेळीचा रंग, शिंगं, खोडी सांगायची आणि अख्खा डोंगर चहाचा गिलास खाली ठेवून शोधायला निघायचा. दुपारच्या आत शेळी दाव्याला बांधलेली असायची.

"आठवड्याला किती हरवतात?" सरांनी विचारलं.

"तीन. दशैंचा सण जवळ आला की चार."

"अगं, एवढ्याशा शेळ्यांवर अनुदान कसं मिळायचं?"

अहवाल आला. केंद्राच्या लोकप्रियतेचं मूळ शेळी हरवण्यात आहे, हे त्यात सप्रमाण सिद्ध केलं होतं. सापडण्याचा रकाना अनुदानाच्या अर्जात नव्हताच. उद्दिष्ट ठरलं, दररोज तीन. केंद्रप्रमुख टेकबहादुर पुन मुळात भित्रा. त्यानं जनतेला दावी सैल ठेवण्याचं नम्र आवाहन केलं. जनतेनं ती आणखी आवळली. मग नाइलाजानं 'दावे-मोचन कक्ष' स्थापन झाला आणि दोन कर्मचारी सरकारी शिक्क्याचा विळा घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरू लागले. शेळी लगेच शोधून आणणाऱ्यांना लेखी समज मिळाली. "शोधलीस ती शोधलीस, पण निदान सोमवारपर्यंत बोलू नकोस, बाबा!" टेकबहादुर हात जोडायचा.

लोकही शहाणे झाले. शोधायला गेलं की पुढची सूचना चुकते. मग ते बसूनच ऐकू लागले. सूचनेमागे बासरीही वाजू लागली.

एका मंगळवारी बिष्णुमायाची तारी गेली. आई मेलेलं करडू. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. दावं विळ्यानं कापलेलं होतं.

"टेकदाजू, माझीसुद्धा?"

"बहिनी, उद्दिष्टाला आपलं-परकं नसतं गं. त्यात आजच्या तीन सूचना भरल्यात. अर्ज दे, तुझी गुरुवारी घेऊ."

"खड्ड्यात गेला तुझा गुरुवार! वर जंगलात बिबट्या आहे!"

तिनं आत जाऊन कडी लावली आणि माइक उघडला. तपकिरी रंग. कपाळावर पांढरा ठिपका. डावा कान फाटका. नावानं हाक मारली की येते. एवढं सांगितलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला माइकवर रडू फुटलं. ती हमसून हमसून रडली.

लगेच फोन खणखणला.

"दिदी, काय वाचलंत हो! काळजाला हात घातलात!"

"माझी तारी दिसली का?"

"छे, मी कुठला बाहेर पडतोय? उद्या पुढचं सांगाल ना?"

असे एक्केचाळीस फोन आले. चारशे बारा घरांतलं एकही माणूस उंबरा ओलांडून बाहेर पडलं नव्हतं. संध्याकाळी निरौला सरांचा निरोप आला : अनुदान मंजूर, रडणं कायम ठेवावं.

बिष्णुमाया एकटीच जंगलाकडे गेली, हाका मारत. तुम्हीही इथवर ऐकलंतच. गोष्ट आवडली असेल तर आनंद आहे. तपकिरी शेळी, कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान फाटका. उठलात का जागेवरून?